मासळीचे खाद्य : प्रथिने किती, जळण किती?



दुभत्या गाईला आंबोण किती घालायचे हे आपल्या घरातली म्हातारी माणसे न मोजता सांगतात. कोंबडीचे खाद्य कुठल्या वयाला कुठले, हेही आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. तळ्यातल्या मासळीच्या बाबतीत मात्र अजून अंदाजाचा कारभार चालतो. पेंड स्वस्त मिळाली की पेंड टाकायची, गिरणीतून कोंडा आला की कोंडा टाकायचा, आणि काहीच नसले तर मासळी आपले पोट आपण भरेल असे म्हणायचे.

बीजाची अडचण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. १९५७ सालच्या जुलै महिन्यात ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी कार्प जातीच्या माशांना इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. त्यानंतर नदीतून बीज धरून आणण्याची गरज हळूहळू संपली. आज रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली पैसे मोजले की मिळते. पुढचा खरा खर्च खाद्याचा. मत्स्यशेतीत होणाऱ्या एकूण खर्चापैकी निम्मा किंवा त्याहून जास्त पैसा खाद्यावर जातो, आणि खाद्यात सर्वांत महाग घटक म्हणजे प्रथिने. म्हणून हे पत्रक त्या एकाच गोष्टीसाठी काढले आहे. विकत घेतलेली प्रथिने मासळीच्या अंगी कशी लागतील आणि वाया कशी जाणार नाहीत, ते पाहू.

मासळीला दोन गोष्टी लागतात

खाद्याची कामे दोन. एक, अंग बांधणे, म्हणजे मांस वाढवणे. हे काम प्रथिनांचे. दुसरे, श्वास, पोहणे, पचन, खालीवर फिरणे यासाठी जळण पुरवणे. याला शास्त्रज्ञ ऊर्जा म्हणतात आणि ती किलोकॅलरीत मोजतात. जळण तीन ठिकाणांहून मिळते. पिष्टमय पदार्थ, म्हणजे कोंडा, मका, तांदळाची कणी यांतला पिठूळ भाग. स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल आणि चरबी. आणि तिसरे, खुद्द प्रथिने. ढोबळ हिशेबाने एक ग्रॅम पिष्टातून ४, एक ग्रॅम प्रथिनातून ४ आणि एक ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात.

आता नीट ध्यान द्या. मासळीला खाद्यातून पुरेसे जळण मिळाले नाही, तर ती प्रथिनेच जाळते. आधी जीव जगवायचा, मग अंग वाढवायचे, हा निसर्गाचा नियम. म्हणजे आपण महागाची पेंड टाकतो आणि तिचे मांस होण्याऐवजी ती भट्टीत जाते. चुलीत गोवऱ्या, पळकाट्या चालत असताना सागवानाची फळी फोडून घालावी, तसा हा प्रकार.

याची उलट बाजूही आहे. खाद्यात जळण फार आणि प्रथिने कमी असतील, तर मासळीचे पोट जळणानेच भरते. गरज भागली की ती खाणे थांबवते. प्रथिने पुरेशी पोटात गेलेलीच नसतात, म्हणून अंग वाढत नाही. उरलेल्या जळणाची पोटात चरबी होते. मासळी चिरली की आतड्याभोवती पांढऱ्या चरबीचे थर दिसतात, ते याचे लक्षण.

म्हणून प्रथिने आणि जळण यांची जोडी जमली पाहिजे. एक बैल पुढे आणि एक मागे ओढत असला तर नांगर सरळ चालत नाही.

मासळीला प्रथिने जास्त का लागतात?

गाईच्या आंबोणात १६ ते २० टक्के प्रथिने असतात, अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के. रोहू-कटल्याला मात्र २५ ते ३० टक्के सांगितली जातात. मग मासा काय कोंबडीपेक्षा खादाड आहे? तसे नाही. मासळीची जळणाची गरजच लहान आहे. कारणे तीन.

पहिले, मासा थंड रक्ताचा. आपले किंवा कोंबडीचे अंग बारा महिने गरम राहते, त्यासाठी रोज जळण लागते. माशाचे अंग पाण्याइतकेच गरम किंवा थंड असते. दुसरे, पाणी त्याचे वजन तोलून धरते. पायांवर उभे राहण्याचे कष्ट त्याला नाहीत. तिसरे, प्रथिने जाळल्यावर जो नत्राचा कचरा होतो तो मासा अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून सरळ पाण्यात सोडतो. जनावराला त्याचा आधी युरिया करावा लागतो आणि त्यालाही जळण लागते.

जळण थोडे लागते, म्हणून खाद्यात प्रथिनांचा वाटा मोठा दिसतो. कार्प माशाच्या खाद्यात दर हजार किलोकॅलरीमागे साधारण ९० ते १०० ग्रॅम प्रथिने असावीत. कोंबडीच्या खाद्यात हेच प्रमाण ६० ते ७० ग्रॅम पडते. म्हणून कोंबडीचे उरलेले खाद्य तळ्यात टाकून मासळीची चांगली वाढ होईल, या भरवशावर राहू नये.

वय आणि जात यांप्रमाणे गरज बदलते. मत्स्यजिरे व बारीक बीज असताना ३५ ते ४० टक्के प्रथिने लागतात, कारण तेव्हा वाढीचा वेग मोठा असतो. बोटुकली होऊन मोठ्या तळ्यात गेली की २५ ते ३० टक्के पुरतात. रोहू, मृगळ, सायप्रिनस हे मिश्राहारी. त्यांना पिष्ट चांगले पचते. मरळ हा मांस खाणारा मासा. त्याला ४० ते ४५ टक्के प्रथिने लागतात आणि पिष्ट फारसे पचत नाही. रोहूचे खाद्य मरळीला आणि मरळीचे रोहूला, हा दोन्हीकडून तोटा.

कशात किती प्रथिने?

आपल्याकडे मिळणाऱ्या जिनसांतील प्रथिनांचे साधारण प्रमाण असे (शंभर किलोमागे किलो) :

शेंगदाणा पेंड : ४० ते ४५
सोयाबीन पेंड, तेल काढलेली : ४४ ते ४८
सरकी पेंड, सोललेली : ३६ ते ४०
सरकी पेंड, सालासकट : २२ ते २४
सुकटाचे कूट : ५० ते ६०
भाताचा बारीक कोंडा : १२ ते १४
भाताचा कोंडा, तेल काढलेला : १५ ते १६
गव्हाचा कोंडा : १४ ते १५
मका : सुमारे ९

कोंडा म्हणजे तांदूळ सडताना, पॉलिश करताना निघणारी मऊ भुकटी. भाताचे तूस म्हणजे कोंडा नव्हे. तुसात मासळीच्या कामाचे काही नसते. तळहातावर चोळून पाहा; खरखरीत टोचले तर त्यात तूस मिसळले आहे असे समजा.

नुसत्या टक्क्यावरही जाऊ नये. प्रथिने ही दहा-वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ असते. त्यांपैकी दहा मासळीला खाद्यातूनच मिळावी लागतात. ती तिच्या अंगात तयार होत नाहीत. शेंगदाणा पेंडीत लायसीन आणि मेथिओनीन ही दोन कमी पडतात. सोयाबीन पेंडीत लायसीन भरपूर असते, मेथिओनीन कमी असते. सुकटात दोन्ही चांगली. घरातल्या वरण-भातासारखेच हे आहे. डाळीचे उणे तांदूळ भरून काढतो आणि तांदळाचे डाळ. म्हणून एकाच पेंडीवर विसंबू नये, दोन-तीन जिनसा मिसळाव्यात.

मिश्रणाचा हिशेब चौकटीने

हा हिशेब चौथीतल्या मुलालाही येईल. समजा आपल्याला २५ टक्के प्रथिनांचे खाद्य करायचे आहे. हाताशी शेंगदाणा पेंड आहे ४२ टक्क्यांची आणि कोंडा आहे १३ टक्क्यांचा.

पंचवीसमधून कोंड्याचे तेरा वजा करा : उरले १२. हे पेंडीचे भाग.
पेंडीच्या बेचाळीसमधून पंचवीस वजा करा : उरले १७. हे कोंड्याचे भाग.
एकूण भाग १२ अधिक १७, म्हणजे २९.

शंभर किलोत पेंड ४१ किलो आणि कोंडा ५९ किलो बसतो. ताळा करून पाहा : पेंडीतून १७ किलोच्या वर आणि कोंड्यातून साडेसात किलोच्या वर, मिळून २५ किलो प्रथिने होतात.

आता पैशाचे पाहू. समजा पेंड ५० रुपये किलो आणि कोंडा २० रुपये किलो आहे. तुमच्या बाजारातला भाव असेल तो घाला. नुसती पेंड शंभर किलो ५,००० रुपयांची. वरचे मिश्रण ३,२३० रुपयांचे. फरक १,७७० रुपयांचा. नुसत्या पेंडीतली जास्तीची प्रथिने अंगी लागली असती तर ते पैसे कारणी लागले म्हटले असते. पण ती जळण म्हणूनच जातात, आणि तेच काम कोंडा स्वस्तात करतो.

एक बारकावा. घाणीच्या पेंडीत तेल उरलेले असते आणि साध्या कोंड्यातही १२ ते १५ टक्के तेल असते. दोन्ही मिळून खाद्य तेलकट होते. खाद्यात तेल ५ ते ८ टक्के पुरे. म्हणून घाणीची पेंड असेल तर तेल काढलेला कोंडा घ्यावा. तेल काढलेली पेंड असेल तर साधा कोंडा घ्यावा.

तळे कुठले, त्यावर खाद्य कुठले

इथेच बरेच जण फसतात. एकाच मिश्रणाने दोन तळ्यांत दोन तऱ्हा दिसतात. कारण मासळी फक्त आपण टाकलेलेच खात नाही.

मातीच्या तळ्यात शेणखत घातले, पाणी हलके हिरवट झाले, म्हणजे त्यात प्लवंग वाढले असे समजावे. प्लवंग म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी. वाळवून मोजले तर त्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात, आणि तीही उत्तम प्रतीची. कटला वरच्या थरात ते खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी कुजलेले अन्न शोधतो. अशा तळ्यात प्रथिने पाण्यातून फुकट मिळतात. कमी पडते ते जळण. म्हणून तिथे कोंडा जास्त, पेंड कमी असे २२ ते २५ टक्क्यांचे खाद्य भागते. आंध्र प्रदेशात कोल्लेरू सरोवराच्या परिसरातल्या मोठ्या तळ्यांत वर्षानुवर्षे मुख्यतः तेल काढलेला कोंडा आणि थोडी पेंड यांवर रोहू-कटला वाढवले जातात. ते जमते, कारण खत घालून पाणी सुपीक ठेवलेले असते. पाणी सुपीक न करता नुसता त्यांचा कोंडा उचलला, तर ते पीक येणार नाही.

आपल्याकडची शेततळी वेगळी. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि गावोगाव शेततळी झाली. ज्यांत प्लास्टिकचा कागद अंथरला आहे तिथे पाण्याला माती लागतच नाही. तळाशी गाळ नाही, गाळातले किडे-गांडुळे नाहीत, आणि विहिरीचे किंवा बोअरचे स्वच्छ पाणी भरले तर प्लवंगही थोडेच. मृगळाला तर तळाशी काहीच मिळत नाही. अशा तळ्यात मासळीचे ताट जवळजवळ सगळे आपल्यालाच वाढावे लागते. तिथे २८ ते ३० टक्के प्रथिनांचे, सगळे घटक असलेले खाद्य पाहिजे. घरी करायचे तर हा एक नमुना :

शेंगदाणा पेंड २५ किलो
सोयाबीन पेंड २० किलो
सुकटाचे कूट, मीठ न लावलेले, १० किलो
मक्याचे पीठ, शिजवून, १० किलो
भाताचा कोंडा ३४ किलो
खनिज मिश्रण १ किलो

यातून सुमारे ३० टक्के प्रथिने पडतात. मका शिजवायचा अशासाठी की शिजलेले पिष्ट मासळीला चांगले पचते आणि खाद्य चिकट होऊन पाण्यात लगेच विरघळत नाही. पंगॅशियस किंवा तिलापिया दाटीने वाढवायचे असतील, तर मात्र कारखान्यातले तरंगते गोळी खाद्यच सोयीचे.

किती आणि कसे घालावे

खाद्य माशांच्या एकूण वजनावर काढावे. शंभर ग्रॅमपर्यंतच्या मासळीला वजनाच्या ४ ते ५ टक्के, शंभर ते तीनशे ग्रॅमपर्यंत सुमारे ३ टक्के, पुढे पाचशे ग्रॅमपर्यंत २ ते अडीच टक्के, आणि त्यानंतर दीड ते दोन टक्के रोज.

वीस गुंठ्यांच्या तळ्याचे उदाहरण घेऊ. हजार बोटुकली सोडली, त्यांतली ८०० जगली. फेकजाळ्याने वीस-पंचवीस मासे काढून वजन केले, सरासरी ३०० ग्रॅम भरले. म्हणजे तळ्यात २४० किलो मासळी आहे. अडीच टक्क्याने रोज ६ किलो खाद्य. त्यात पेंड अडीच किलो, कोंडा साडेतीन किलो. दर महिन्याला असे वजन करून आकडा बदलावा.

पेंड रात्री भिजत घालावी, सकाळी कोंड्यात मळून गोळे करावेत. रोहू, कटला, मृगळ यांना जठर नसते. खाल्लेले साठवून ठेवायला पोटात जागाच नाही. एकदम ढीग टाकला तर निम्मा तळाशी कुजतो. म्हणून सकाळी ऊन वर आल्यावर एकदा आणि दुपारी एकदा, असे दोन वेळा घालावे. जागा आणि वेळ ठरलेली ठेवावी. परात दोरीने बांधून पाण्यात सोडावी. दोन तासांनी वर काढून पाहा. खाद्य उरले असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा. परात चाटूनपुसून साफ असेल तर थोडे वाढवा. आंध्रात छिद्रे पाडलेली पोती बांबूला बांधून त्यात खाद्य भरतात. मासे छिद्राशी येऊन हवे तेवढे ओढून खातात, सांडत नाही. तीही रीत चांगली.

थंडीत पाणी गार झाले की मासळीचे अंगही गार होते, भूक मंदावते. २५ ते ३२ अंश सेल्सिअस पाण्यात कार्प उत्तम खातात. २० अंशांच्या खाली गेले की खाद्य निम्म्यावर आणावे.

वाया गेलेली प्रथिने जातात कुठे?

ती पाण्यात जातात, आणि तिथे फक्त पैशाचा प्रश्न राहत नाही. शंभर किलो खाद्यात २५ किलो प्रथिने असली आणि त्यातून ५० किलो मासळी वाढली, तर त्या मासळीच्या अंगात सुमारे ८ किलो प्रथिने असतात. बाकीची १७ किलो जळली किंवा विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून पाण्यात गेली. त्यांतला काही भाग जाणारच. तो कोणालाही थांबवता येत नाही. पण जोडी बिघडली, किंवा खाद्य अती झाले, तर हा आकडा वाढतो. पाण्यात अमोनिया साठतो, पाणी गर्द हिरवे होते, आणि ढगाळ हवेत पहाटे प्राणवायू संपून मासे वर येऊन तोंड वासतात. वर्षभराची मेहनत एका पहाटेत पांढरी होऊन तरंगते. बरं, खाद्य जास्त घातल्याने मासळी लवकर वाढेल म्हणूनच ते घातलेले असते!

यासाठी सोपी परीक्षा : हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. तळवा दिसेनासा झाला तर खत बंद करा आणि खाद्य कमी करा. पहाटे मासे वर येत असतील किंवा आभाळ भरून आले असेल, तर त्या दिवशी खाद्य घालूच नका. एक दिवस उपाशी राहून मासळी मरत नाही.

विकत घेताना

पोत्यावर चार आकडे पाहावेत : कच्ची प्रथिने किमान किती, स्निग्धांश किमान किती, तंतू कमाल किती, ओलावा कमाल किती. कच्ची प्रथिने हा आकडा खाद्यातले नत्र मोजून त्याला सव्वासहाने गुणून काढतात. त्यामुळे युरियाची भेसळ केली तर आकडा फुगतो, पण मासळीला त्याचा उपयोग शून्य. म्हणून खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे आणि पावती मागावी.

बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असते आणि ते शिजवल्याने जात नाही. खवट वासाचा कोंडाही नको. साधा कोंडा जेवढा लागेल तेवढाच आणावा. कच्चे सोयाबीन दळून घालू नये. त्यात पचन अडवणारा घटक असतो. तो चांगले भाजल्यावर जातो.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. प्रथिने अंग बांधण्यासाठी, कोंडा-मका जळणासाठी. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नका.
२. खत घातलेले मातीचे तळे : २२ ते २५ टक्के प्रथिने. कागदाचे शेततळे : २८ ते ३० टक्के. बारीक बीज : ३५ ते ४० टक्के.
३. दोन-तीन प्रकारची पेंड मिसळा.
४. महिन्याला वजन, रोज परात, आठवड्याला हात बुडवून पाण्याची परीक्षा.
५. ढगाळ दिवशी आणि पहाटे मासे वर आले असता खाद्य बंद.

आपल्या तळ्याबद्दल काही शंका असल्यास जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. जाताना तळ्याचे माप, सोडलेल्या बोटुकलीची संख्या आणि घातलेल्या खाद्याची वही बरोबर न्या. सल्ला देणाऱ्याला तीच पहिल्यांदा लागते. वही नसेल तर आजपासून घाला. हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या तळेवाल्याला वाचायला द्या.